पेवातला कंदील टाकीत चालत नाही





मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत खरेदीचा विषय निघाला तेव्हा एका सभासदानं उभं राहून विचारलं होतं, "एका दिव्याला एवढे पैसे? एवढ्या पैशात आमच्या अख्ख्या गल्लीत उजेड पडंल की!" सभा हसली, टाळ्या पडल्या आणि तो विषय पुढं ढकलला गेला. तो सभासद म्हणजे मीच. आज हे लिहायला बसलो ते त्या टाळ्यांचा हिशेब चुकता करायला. माझा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या उसाच्या पैशातून होणाऱ्या खरेदीवर सभासदानं प्रश्न विचारलाच पाहिजे. पण प्रश्न विचारण्याआधी माहिती घ्यावी लागते, ती मी घेतली नव्हती. नंतर घेतली. ती आपल्यापुढं मांडतो, आणि येत्या सभेत हा विषय पुन्हा येईल तेव्हा माझं मत काय असेल तेही आजच सांगून ठेवतो.

सभेनंतर काही दिवसांनी बिलाच्या कामानं कारखान्यावर गेलो होतो. विद्युत विभागातला एक जुना माणूस भेटला. मला वाटलं, हा आता माझ्यावर चिडणार. पण चिडला नाही. त्यानं मला चहा पाजला आणि विचारलं, "काका, तुमच्या गावात पेवं होती का?"

म्हणलं, "होती की. आमच्या वाड्यातच होतं."

"मग पेवात उतरायच्या आधी काय करायचे?"

आपल्यातल्या साठी ओलांडलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. ज्वारीचं पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. तोंड उघडं ठेवायचं, वारा लागू द्यायचा, आणि मग पेटता कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरवायचा. ज्योत मिणमिणली किंवा विझली तर उतरायचं नाही. पेवातल्या कोंदट हवेत प्राणवायू कमी झालेला असतो, आणि जिथं ज्योत जगत नाही तिथं माणूसही जगत नाही. आपल्या म्हाताऱ्यांनी हे शाळेत न जाता शोधून काढलं होतं. जुन्या विहिरीचा गाळ काढतानाही हाच रिवाज होता.

तो म्हणाला, "आता हाच कंदील स्पिरिटच्या टाकीत सोडला तर?"

मी गप्प बसलो. त्या टाकीत कंदील विझणार नाही. तिथं कंदीलच टाकी उडवील. एका ठिकाणी जो दिवा जीव वाचवतो तोच दुसऱ्या ठिकाणी जीव घेतो. दिवा कोणता ते जागा पाहून ठरवायचं असतं, किंमत पाहून नव्हे. एवढी एकच गोष्ट मला त्या दिवशी कळली, आणि या लेखात सांगायची गोष्टही तेवढीच आहे. बाकी सगळा तिचा विस्तार.

आपण कारखाना म्हणलं की गव्हाण, रोलर आणि बॉयलर एवढंच पाहतो. मोळी टाकायला जातो, अग्निप्रदीपनाला नारळ फोडतो, परत येतो. तिथं पेट घेणारा माल किती जागी आहे याचा विचार आपण करत नाही. जरा मोजून पाहू.

पहिला माल स्पिरिट. मळीपासून अल्कोहोल आणि त्यापासून इथेनॉल हा आता साखर धंद्याचा जोडधंदा राहिलेला नाही, मुख्य आधार होत चालला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर गेलं. उसाला भाव देता यावा म्हणून गावोगावचे कारखाने आसवनीकडं वळले, आपल्याकडंही हा विषय निघतच असतो. निघावा, माझा विरोध नाही. पण हा माल ज्वारीसारखा गुपचूप पडून राहणारा नाही. शुद्ध अल्कोहोल १३ अंश सेल्सियसच्या आसपास पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागतं. आपल्या परभणी जिल्ह्यात थंडीतल्या काही पहाटा सोडल्या तर पारा त्याच्या वरच असतो, आणि मे महिन्यात तो ४२ च्याही पुढं जातो. म्हणजे जवळजवळ वर्षभर, टाकीचं झाकण उघडलं की वाफ तयार. हवेत ही वाफ साधारण साडेतीन टक्क्यांपासून १९ टक्क्यांपर्यंत असली की एक ठिणगी पुरते. आणि ही वाफ हवेपेक्षा जड असते. धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते, चरात, खड्ड्यात, पंपाच्या पायाशी साचते.

दुसरा माल गॅस. सांडपाण्याच्या आणि स्पेंटवॉशच्या बंद टाक्यांत मिथेन तयार होतो. गोबरगॅसवाल्या सभासदांना तो ओळखीचा आहे. तो हवेपेक्षा हलका, म्हणून छताखाली साचतो. त्याच्या संगतीला सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो, तो तर विषारीच. म्हणजे एका जागी धोका जमिनीला, दुसऱ्या जागी छताला. दिवा कुठं टांगायचा हेसुद्धा माल पाहून ठरवावं लागतं ते यासाठी.

तिसरा माल म्हणजे धूळ, आणि इथंच बहुतेकांची फसगत होते. साखर काय पेटणार, असं आपल्याला वाटतं. साखरेचं पोतं पेटत नाही हे खरं. पण साखरेची बारीक धूळ हवेत उडाली, जागा बंदिस्त असली आणि ठिणगी मिळाली, तर ती बारुदासारखी उडते. इलेव्हेटरमध्ये, ग्रेडरवर, बिनमध्ये, बॅगिंगच्या जागी ही धूळ सतत उडत असते. वर तुळयांवर, केबलच्या ट्रेवर, दिव्यांच्या पाठीवर तिचा थर बसतो. बगॅसच्या भुशाचं तेच. गंधकाच्या भट्टीजवळ जी गंधकाची भुकटी सांडते ती तर याहून नाजूक.

आता दिवा यांना पेटवतो कसा? तीन वाटा आहेत. एक ठिणगी. बटण चालू-बंद करताना, सैल जोडणीत, खराब होल्डरमध्ये ठिणगी पडते. आपल्या विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये रात्री निळी ठिणगी दिसते, तीच. दुसरी वाट ताप. दिव्याची पाठ तापते, त्यावर धुळीचा थर बसला की ताप बाहेर जात नाही, वाकळ पांघरल्यासारखं होतं, आणि आतल्या आत धूळ करपू लागते. तिसरी वाट दिवा फुटणं. तापलेल्या काचेवर पाण्याचा शिंतोडा पडला किंवा शिडीचा धक्का लागला की काच तडकते आणि आतला तापलेला भाग उघडा पडतो.

या दुखण्यावर औषध शोधलं ते खाणीतल्या लोकांनी. इंग्लंडात फेलिंगच्या कोळसा खाणीत २५ मे १८१२ रोजी गॅसचा स्फोट झाला, ९२ माणसं आणि पोरं गेली. खाणीत काम करायचं तर उजेड पाहिजे, आणि उजेड न्यावा तर गॅस पेटतो, असा तो पेच होता. १८१५ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं त्यावर तोड काढली. दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी लावली. गॅस जाळीतून आत जातो, आत जळतो, पण ज्वाला जाळीतून बाहेर येताना तारेला आपला ताप देऊन थंड होते आणि बाहेरचा गॅस पेटत नाही.

आजचा फ्लेमप्रूफ दिवा याच तत्त्वावर चालतो. आणि इथं माझा मोठा गैरसमज दूर झाला. मला वाटत होतं, फ्लेमप्रूफ म्हणजे ज्याच्यात गॅस शिरत नाही असा दिवा. तसं नाही. त्यात वाफ शिरू शकते. आत ठिणगी पडली तर आतल्या आत स्फोटही होऊ शकतो. पण त्याची पेटी इतकी जाड असते की ती फुटत नाही, आणि झाकण व पेटी यांच्यामधली फट इतकी बारीक व तिची वाट इतकी लांब असते की ज्वाला बाहेर येईपर्यंत थंड होऊन जाते. दिवा जड का आणि महाग का, याचं उत्तर यात आहे. आपण पैसे उजेडाचे देत नाही. पैसे देतो ते त्या जाड पेटीचे आणि घासून बसवलेल्या तोंडाचे.

पण याच तत्त्वातून दुसरी गोष्ट निघते, ती जास्त महत्त्वाची. झाकणाला आठ बोल्ट असतील आणि मिस्तरीनं सहाच लावले, तर तो फ्लेमप्रूफ दिवा राहिला नाही. फट वाढली, ज्वालेला वाट मिळाली. केबल आत जाते तिथलं ग्लँड सैल असलं, न वापरलेल्या भोकाला बूच नसलं, तोंडाला रंग किंवा सिलिकॉन फासलं, काचेला तडा गेला, ठरल्यापेक्षा जास्त वॅटचा बल्ब घातला, की तीच गत. महाग दिवा आणून दोन बोल्ट खिशात ठेवले तर आपण पैसेही घालवले आणि धोकाही घरात ठेवला. वर पुन्हा मनाला समाधान की आपल्याकडं फ्लेमप्रूफ आहे. हे समाधान साध्या दिव्यापेक्षाही वाईट.

दुकानदार दुसरी एक फसवणूक करतो, कधी जाणून, कधी न जाणून. "साहेब, हा दिवा वॉटरप्रूफ आहे, आयपी ६५ आहे, कुठंबी लावा." आयपी ६५ मधला पहिला आकडा ६ म्हणजे धूळ आत जात नाही, दुसरा ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यानं बिघडत नाही. एवढाच त्याचा अर्थ. स्पिरिटच्या वाफेशी त्याचा काही संबंध नाही. पावसात छत्री चालते म्हणून ती घेऊन विस्तवात जाता येत नाही, तसं हे.

आणि एलईडीचं सांगतो, कारण सभेत मी स्वतःच एलईडीचा आग्रह धरला होता. एलईडी कमी वीज खातो, कमी तापतो, जास्त टिकतो, हे सगळं खरं. पण त्याच्या आत वीज बदलणारा जो ड्रायव्हर असतो तो तापतो, त्याच्या जोडण्यांत ठिणगी पडू शकते, आणि त्याची पाठही गरम होते. म्हणून घरचा एलईडी आसवनीत चालत नाही. आसवनीतही एलईडीच लावा, पण त्या जागेसाठी तपासून मंजूर झालेल्या पेटीतला लावा. वीज वाचेल आणि माणसंही वाचतील.

मंजूर दिवा ओळखायचा कसा? त्याच्या अंगावर पाटी असते. तीवर ईएक्स ही खूण, संरक्षणाचा प्रकार, कोणत्या गटातल्या वायूला चालतो तो गट, आणि तापमानाचा वर्ग असतो. टी-१ म्हणजे दिव्याचा पृष्ठभाग ४५० अंशांपर्यंत तापू शकतो, टी-४ म्हणजे १३५, टी-६ म्हणजे ८५ अंशांच्या वर जाणार नाही. धुळीच्या जागेसाठीच्या दिव्यावर धुळीची वेगळी खूण असते. गॅसचा दिवा धुळीला चालेलच असं नाही. आपल्या देशात धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेत अशा सामानाची तपासणी होते, आणि नागपूरला मुख्य कचेरी असलेली पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, त्याला मान्यता देते. पाटी नसलेला, दाखला नसलेला दिवा कितीही जाड दिसला तरी तो लोखंडाचा डबा समजावा.

जागांचीही प्रतवारी असते, जशी आपण जमिनीची करतो. जिथं वाफ कायमची आहे, जसं टाकीच्या आत, ती झोन शून्य. चालू कामात अधूनमधून येते, जसं टाकीच्या श्वासनळीजवळ, ती झोन एक. क्वचित आणि थोडा वेळ येते ती झोन दोन. धुळीच्या जागांना याच क्रमानं २०, २१, २२ हे आकडे. फ्लेमप्रूफ दिवा झोन एक आणि दोनमध्ये चालतो, शून्यमध्ये तोही चालत नाही. आता ज्या कारखान्यानं ही प्रतवारी कागदावर काढलीच नाही, त्यानं दिवे कशाच्या आधारावर घेतले? कोरडवाहू कोणती आणि बागायत कोणती हे न पाहता बेणं आणण्यासारखंच झालं.

कुणी म्हणंल, काका, इतकी वर्षं गेली, आपल्या साखरगोदामात कधी काही झालं नाही. त्यासाठी अमेरिकेतला दाखला सांगतो. जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ गावी इम्पीरियल शुगरचा जुना कारखाना होता. ७ फेब्रुवारी २००८ ला संध्याकाळी तिथं स्फोट झाला. १४ कामगार गेले, ३६ जखमी झाले, त्यातले कैक जण भाजलेले. बॉयलर फुटला नव्हता, गॅस नव्हता. फुटली ती साखरेची धूळ. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डानं चौकशी केली. साखरेच्या सायलोखालच्या कन्व्हेयर पट्ट्यावर, साखरेत कचरा पडू नये म्हणून, आदल्याच वर्षी पत्र्याचं झाकण बसवलं होतं. हेतू चांगला. पण त्या बंद पेटीतली धूळ ओढून घेण्याची सोय केली नाही. आत धूळ दाटली, आणि बहुधा तापलेल्या बेअरिंगनं ती पेटली. पहिला स्फोट त्या मानानं लहान. पण त्याच्या हादऱ्यानं मजल्यामजल्यावर, तुळयांवर साचलेली धूळ उडाली आणि ती एकामागून एक पेटत गेली. खरा नाश त्या दुसऱ्या स्फोटांनी केला.

म्हणजे तिथं दिव्यानं पेटवलं नाही. तरी हा दाखला मी दिव्याच्या लेखात देतो, त्याला दोन कारणं आहेत. एक, धुळीला बेअरिंगचा ताप पुरतो तर तापलेल्या दिव्याचा आणि ठिणगीचा का पुरणार नाही? ठिणगीच्या जागा मोजायच्या तर दिवे, बटणं, प्लग या सगळ्यात आधी येतात, कारण त्यांची संख्याच सगळ्यात जास्त. दुसरं कारण मला जास्त लागलं. चौकशीत असंही निघालं की स्फोटानं संकटकाळी चालू राहायचे बहुतेक दिवे बंद पडले, आणि पॅकिंगच्या इमारतींतल्या भूलभुलैयासारख्या वाटांतून बाहेर पडणं कामगारांना फार अवघड झालं. स्फोटातून वाचलेली माणसं अंधारात वाट शोधत होती. दिवा नुसता पेटवू नये एवढंच पुरत नाही. सगळं गेल्यावरही त्यानं दाराची वाट दाखवली पाहिजे.

"त्यांच्याकडं पिठीसाखर, आपली साखर जाड दाण्याची," असाही एक मुद्दा मला ऐकायला मिळाला. त्या कारखान्यात पिठीसाखर होत होती हे खरं, पण पहिला स्फोट जिथं झाला तो पट्टा दाणेदार साखरेचाच होता. दाणा दाण्यावर घासला की पीठ पडतंच. जात्यात घालावं लागत नाही.

आपल्या राज्यातही ही उदाहरणं नाहीत असं नाही. १ ऑगस्ट २०२० ला नागपूर जिल्ह्यात बेला इथल्या साखर कारखान्यात स्फोट होऊन पाच कामगार गेले. २५ फेब्रुवारी २०२३ ला त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शेवगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या इथेनॉल विभागाला मोठी आग लागली. ही उदाहरणं मी दिव्याच्या दोषाची म्हणून देत नाही. आपण जो धंदा करतो, त्यात कसला माल आपल्या उशाशी आहे, ते कळावं म्हणून देतो.

आता खर्चाचा प्रश्न, कारण सभेत मीच तो काढला होता. खर्च कमी करण्याचे सरळ मार्ग आहेत, आणि ते स्वस्त दिवा घेण्याचे नाहीत. सगळ्यात स्वस्त फ्लेमप्रूफ दिवा म्हणजे जो लावावाच लागत नाही तो. धोक्याच्या खोलीत दिवा आत टांगण्याऐवजी भिंतीत जाड काच पक्की बसवून बाहेरून उजेड पाडता येतो. टाक्यांच्या आवारात टाकीजवळ दिवे लावण्याऐवजी लांब उंच खांबावरून झोत टाकता येतो. बटणं खोलीच्या बाहेर आणता येतात. प्रतवारीचा नकाशा नीट काढला तर महाग दिवा कुठं लागतो आणि कुठं साधा चालतो हे कळतं, आणि आंधळेपणानं सगळीकडं महाग दिवे लावायचाही खर्च वाचतो. आणि साखरगोदामात तर निम्मं काम झाडूचं आहे. धूळ साचूच दिली नाही तर निम्मा धोका तिथंच संपला. फक्त ती हवेच्या नळीनं फुंकून उडवायची नाही. तसं केलं तर आपणच बारुद हवेत उधळतो. ओढून घेणारं यंत्र नाहीतर ओलं फडकं, हीच रीत बरी.

ऑफ सीझनचंही एक सांगितलं पाहिजे. गाळप संपलं की इव्हॅपोरेटरच्या, पॅनच्या बॉडीत, बॉयलरच्या ड्रममध्ये माणसं उतरून साफसफाई करतात. आत लोखंड, अंगावर घाम, पायाखाली ओल, आणि हातात वायरनं ओढलेला दोनशे तीस व्होल्टचा दिवा. वायरीला एक चीर पडली की माणूस जागेवर. म्हणूनच १९४८ च्या कारखाना कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं ३६-अ हे कलम घातलं गेलं. टाकीत, खड्ड्यात, नळात, अशा बंदिस्त जागी पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा न्यायचा नाही, आणि पेट घेणारा वायू वा धूळ असण्याचा संभव असेल तर फ्लेमप्रूफशिवाय दुसरा दिवा नाही, असं त्यात सांगितलं होतं. कलम ३७ तर स्फोटक धूळ-वायूंसाठीच होतं. आता कामगार कायद्यांच्या नव्या संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले. पण टाकीतली वाफ कलमाचा आकडा विचारून पेटत नाही. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर टाकीच्या बाहेर ठेवायचा आणि नुसता हातदिवा आत न्यायचा, ही साधी गोष्ट. त्याला टेंडर लागत नाही, शिस्त लागते. आणि खिशातला मोबाइल, साधी बॅटरी हीसुद्धा वीजच आहे. आसवनीच्या फाटकावर ती काढून ठेवायला लावली तर पाहुण्यानं, पुढाऱ्यानं आणि सभासदानं राग मानू नये.

तेव्हा येत्या सभेत माझं मत असं राहील, आणि आपणही त्यावर विचार करावा अशी विनंती आहे:

एक. दिवे घेण्याआधी धोक्याच्या जागांचा नकाशा जाणकाराकडून काढून घ्यावा, आणि तो सभासदांना पाहता येईल असा कचेरीत लावावा.

दोन. आसवनी, गॅसच्या टाक्या, साखरगोदाम व ग्रेडर, गंधकाची भट्टी या जागांच्या दिव्यांसाठी नुसता "सगळ्यात कमी दर" हा निकष लावू नये. आधी दाखला आणि पाटी पाहावी, मग त्यात जो कमी दराचा असेल तो घ्यावा.

तीन. दर ऑफ सीझनला एकेक दिवा उघडून पाहावा. बोल्ट, ग्लँड, काच, बूच यांची नोंद वहीत असावी, आणि खाली तपासणाऱ्याची सही असावी. हंगामात सुटे बोल्ट भांडारात शिल्लक असावेत, म्हणजे "मिळाला नाही म्हणून लावला नाही" असं ऐकावं लागणार नाही.

चार. जिन्यात, दाराशी, बॅगिंगच्या मजल्यावर, वीज गेल्यावरही जळणारे दिवे असावेत, आणि हंगामाच्या सुरुवातीला एकदा मेन बंद करून, अंधारात माणसं बाहेर येतात का हे पाहावं.

पाच. झाडणाऱ्या आणि पोती शिवणाऱ्या माणसांनाही हे सगळं मराठीत समजावून सांगावं. स्फोटाच्या वेळी तिथं साहेब नसतो, तेच असतात.

हे सगळं संचालक मंडळावर ढकलून आपण मोकळं व्हावं असं मात्र मला वाटत नाही. आपल्याही घरी पाहावं. डिझेलचा कॅन आणि उघडा स्टार्टर एकाच खोपीत असतो. गोबरगॅसच्या खड्ड्यात चिमणी धरून वाकून पाहणारे लोक आहेत. आपल्या फडावर येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पाचटाच्या असतात, आणि त्यात रात्री चिमणी जळते, शेजारी लेकरं झोपलेली असतात. एका कोपीला एक सौरदिवा दिला तर उचलीच्या हिशेबात तो कुठं दिसणारही नाही.

येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर या भागात ऊस आला, आणि उसाबरोबर रात्रभर चालणारे कारखाने आले. हंगामात रात्री पाणी धरायला शेतात गेलं की लांबवर कारखान्याचे दिवे दिसतात. आजवर ते पाहून बरं वाटायचं, आपला ऊस गाळला जातोय एवढंच मनात यायचं. आता प्रत्येक दिव्याखाली कुणाचा तरी पोरगा पाळीवर उभा आहे हेही मनात येतं. त्यातले कैक आपल्याच गावचे, आपल्याच भावकीतले. सभेत टाळ्या घेणारा माझा प्रश्न त्यांच्यापुढं विचारायची माझी हिंमत नाही.

म्हणून मागच्या सभेतलं माझं बोलणं मी याद्वारे मागं घेतो. येत्या सभेत हा विषय आला की मी पुन्हा उभा राहणार आहे. या वेळी दर विचारणार नाही असं नाही, दर विचारीनच. पण त्याआधी पाटी दाखवा म्हणीन.

आपला,
एक सभासद, चुडावा